दोन खोल्यांची शाळा आणि कोयत्याचा हंगाम

गेल्या १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपल्यावर आमच्या गावची ग्रामसभा भरली. पाण्याची टाकी झाली, स्मशानभूमीचा रस्ता झाला, घरकुलाच्या यादीवरून थोडी तणातणी झाली आणि सगळ्यात शेवटी, निम्मे लोक उठून गेल्यावर, शाळेचा विषय निघाला. ग्रामसेवकांनी आकडा वाचून दाखवला. (त्यांचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे आणि आम्हा कृषी सहायकांचं सहायक कृषी अधिकारी, लोक मात्र जुन्याच नावानं हाक मारतात.) पट अकरा. पहिलीत दोन, दुसरीत चार, तिसरीत एक, चौथीत चार.

एक जण म्हणाला, अकरा लेकरांसाठी दोन शिक्षक कशाला, गाडी लावा आणि केंद्रशाळेत पाठवा. दुसरा म्हणाला, शाळा गेली तर गावात उरलं काय? मी त्या दिवशी गावी होतो. ह्याच शाळेत शिकलो, पुढे कृषी पदविका केली, नोकरीला लागलो, म्हणून मोठ्या हुरुपानं उभा राहिलो. शाळा टिकली पाहिजे, असं दोन-चार वाक्यं बोललो असेन. तेवढ्यात पाराच्या कडेला बसलेले आमच्या भावकीतले आबा म्हणाले, "बाळा, तू सायब झालास, चांगलं झालं. पण तुझी लेक कोण्या शाळंत हाय?"

माझी मुलगी तालुक्याला इंग्रजी शाळेत जाते. पिवळी गाडी दारातून नेते आणि दारात सोडते. मी खरं ते सांगितलं आणि खाली बसलो. लोक हसले. आबा हसले नाहीत. तिसरीत जी एकटी मुलगी आहे ती त्यांची नात. तेव्हा त्यांना विचारायचा हक्क होता.

सभेत उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

जोडवर्गातले कान

आमचं गाव पाटोदा तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातलं. बालाघाटाची हलकी, मुरमाड जमीन. बाजरी, तूर, थोडा कापूस आणि अलीकडे सोयाबीन. मी १९९४ च्या जूनमध्ये पहिलीत बसलो. शाळा दोन खोल्यांची, वर पत्रा, पुढे पडवी. पावसाचा सडाका आला की पत्र्याच्या आवाजात गुरुजींचा आवाज बुडून जायचा आणि मग ते फळ्यावर लिहून शिकवायचे. घंटा म्हणून मोडक्या लोखंडी नांगराचा फाळ लिंबाला टांगलेला होता. बसायला ज्यानं त्यानं घरून गोणपाट आणायचं. दप्तर म्हणजे युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी. शनिवारी मुलींनी सारवायचं आणि पोरांनी पाणी आणायचं, असा रिवाज होता. तो चांगला नव्हता. पण तेव्हा कुणाला खटकत नव्हता.

दुसरी खोली आणि दुसरे गुरुजी आमच्या शाळेला खडू-फळा मोहिमेतून मिळाले होते. केंद्र सरकारनं १९८७ मध्ये ही मोहीम सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य असावं, हा तिचा हेतू. साहित्याची एक पेटी आमच्याकडेही आली होती. तीत पृथ्वीचा गोल, नकाशे, भिंग, चुंबक होतं. पेटी कुलपात असायची. शिक्षण विस्तार अधिकारी येणार असले की गोल पुसून टेबलावर ठेवला जाई आणि त्यांची मोटारसायकल वळली की पुन्हा कुलपात जाई. वस्तू फुटली तर भरून कोण देणार, ही गुरुजींना भीती. चुंबकाला लोखंड चिकटतं हे मी पुस्तकात वाचलं. हातानं पाहिलं ते मात्र गावातल्या एकाच्या फुटलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून निघालेल्या चुंबकावर.

दोन गुरुजी आणि चार वर्ग, म्हणजे जोडवर्ग आलाच. पहिली आणि तिसरी एका खोलीत, दुसरी आणि चौथी दुसऱ्या खोलीत. गुरुजी तिसरीला फळ्यावर चार गणितं टाकायचे आणि ती सोडवेपर्यंत आमच्याकडे वळून बाराखडी घ्यायचे. मग आम्हाला पाटीवर गिरवायला लावून तिसरीची गणितं तपासायचे. आता प्रशिक्षणात ह्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. आमच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच होता की हात पाटीवर आणि कान तिसरीकडे. तिसरीत गेलो तेव्हा तिसरीचे पाढे मला अर्धेअधिक येत होते, कारण ते दोन वर्षांपूर्वीच कानावरून गेले होते. आणि ज्याला पहिलीत नीट आलं नव्हतं, तो तिसरीत बसून पहिलीचं पुन्हा ऐकायचा, कुणाला न कळता. मोठ्या पोरी धाकट्यांचा हात धरून अक्षरं गिरवून घेत. गुरुजी दोन असले, तरी शिकवणारे आठ-दहा असायचे.

पण ही एकच बाजू सांगितली तर लबाडी होईल. एक गुरुजी गावातच खोली करून राहायचे आणि दुसरे एस. टी. नं यायचे. एस. टी. चुकली की चारही वर्ग एका खोलीत. शिवाय १९९५ ची विधानसभा, १९९६ आणि १९९८ ची लोकसभा, पोलिओचे डोस, कसल्या ना कसल्या याद्या, ही सगळी कामं गुरुजींवरच. अशा दिवशी शाळा म्हणजे कोंडवाडा. आम्ही मोठमोठ्यानं पाढे म्हणायचो आणि गुरुजी कागद भरत बसायचे. चार वर्षं ह्याच शाळेत काढूनसुद्धा जोडाक्षरं न वाचणारी दोन पोरं माझ्याच वर्गातून बाहेर पडली, हेही लिहून ठेवतो.

गावात राहणारे गुरुजी जुन्या वळणाचे होते. पुस्तकात नव्हत्या तरी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करून घ्यायचे. एकदा त्यांनी चौथीच्या पोरांना सुतळी घेऊन मैदानात उभं केलं. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. चार कोपऱ्यांना चार दगड. म्हणाले, हा एक गुंठा, असे चाळीस झाले की एकर. मग ज्यानं त्यानं घरी जाऊन बापाचं एक वावर मोजून आणायचं. पुढे कृषी विद्यालयात क्षेत्रमापनाचा तास झाला तेव्हा मला नवीन असं काही वाटलं नाही. आजही पंचनाम्याला गेलो आणि कुणी सव्वापाच गुंठ्यांचा तुकडा सांगितला की माझ्या डोळ्यांपुढे ते चार दगड येतात.

तीन किलो तांदूळ

माझ्या शेजारच्या गोणपाटावर एक मुलगी बसायची. दिडकीत तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं, चौथीतलीसुद्धा नाहीत. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन. आई-बाप दरसाल कोयत्याला जायचे.

१९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली. आत्तासारखी शिजवलेली खिचडी तेव्हा नव्हती. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की लेकराला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. आमच्या भागात भाकरी रोजची आणि भात सणासुदीला. त्यामुळे तीन किलो तांदळाला मोठी किंमत होती. शिवाय मागास आणि भटक्या-विमुक्त जातींतल्या गरीब घरच्या मुलींना १९९२ पासून रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता होता. पैसे उशिरा मिळायचे, पण मिळायचे. आई-बाप मुलीला शाळेत का पाठवत होते, ह्याच्या कारणांत तो रुपया आणि ते तांदूळ होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आज पीक विम्याचा रुपया आला नाही तर आपणही कार्यालयात येऊन बसतोच की.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान मुकादमाच्या ट्रका यायच्या. उचल आधीच घेतलेली असायची. भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी, म्हातारी आणि लेकरं चढवून टोळ्या कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाकडे निघायच्या. शाळा रातोरात अर्धी व्हायची. पहिल्या वर्षी आम्ही एकेचाळीस होतो. दिवाळीच्या सुटीनंतर सतराच उरलो. गुरुजी ट्रकपाशी येऊन उभे राहायचे. ह्या मुलीला त्यांनी पाटी-पेन्सिल दिली आणि म्हणाले, दिडकी विसरू नको. ती पाडव्याच्या सुमारास परत आली, तेव्हा हाताला पाचटाचे ओरखडे होते. दिडकी विसरली नव्हती. वाचन मात्र मागं गेलं होतं.

त्या काळी काही कारखान्यांवर साखरशाळा सुरू होत होत्या, पण तिच्या वाट्याला एकही आली नाही. तिसरीच्या वर्षी ती आजीजवळ गावातच राहिली आणि वर्षभर शाळेत आली. चौथीला धाकटा भाऊ झाला. कोपीवर त्याला सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. ती गेली ती परीक्षेलाही आली नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस तिची आजी रिकामी पिशवी घेऊन शाळेत आली. ही घरात एकटी राहिली होती. म्हणाली, "गुरजी, पोरीचं नाव तर हाय ना पटावर? तिचा तांदूळ द्या." गुरुजींनी हजेरीपट उघडून दाखवला. तिच्या नावापुढे तांबड्या शाईनं लिहिलेलं होतं, सतत गैरहजर. खोटी हजेरी त्यांनी लावली नाही. आजी पिशवी घडी करून परत गेली. पण गुरुजींनी तिचं नावही कमी केलं नाही, वर्ष संपेपर्यंत पटावर ठेवलं. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी स्वतः आता सरकारी रजिस्टरं भरतो, लाभार्थ्यांच्या याद्या करतो, तेव्हा ती पिशवी पुष्कळदा आठवते.

तिला मामाच्याच घरात दिली, त्यामुळे ती गावातच राहिली. लग्न झालं तेव्हा शाळेत असती तर आठवी-नववीत असती. आज ती नवऱ्याबरोबर कोयत्याला जाते. मागच्या हंगामात हिशेबाला बसल्यावर मुकादमानं सतरा दिवसांचे, रोजच्या दीड टनानं, चोवीस टन सांगितले. ही बाजूला पीठ मळत होती. तिथूनच म्हणाली, "सतरा दिडे साडेपंचवीस." हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत. तिचा धाकटा मुलगा आता आमच्या शाळेत दुसरीत आहे.

पट कुठं जातो?

आता थोडं कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, आणि साठ पटापर्यंत दोन शिक्षक असावेत. दुसरीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं त्यासाठी पुढे केली गेली. अशा कमी पटाच्या शाळांचा राज्यातला आकडा तेव्हा चौदा हजारांच्या वर सांगितला गेला. तेव्हापासून गावोगाव हीच चर्चा आहे.

समूह शाळेची कल्पना सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो, खेळाचं साहित्य येतं, बरोबरीची सोबत मिळते. तिसरीत एकटं लेकरू असेल तर त्यानं लपंडाव कुणाबरोबर खेळायचा? आबांच्या नातीला मी विचारलं तर म्हणाली, "मी चौथीत बसते, तिसरी माझ्या मनातच हाय." हे ऐकायला गोड वाटतं, पण ती नऊ वर्षांची नाही अजून.

पण आमच्या गावचे अकरा कोण आहेत ते बघा. ज्यांना जमलं त्यांनी आपली लेकरं पिवळ्या गाडीनं तालुक्याला पाठवली. त्यांत मीही आहे. उरलेल्या अकरांपैकी आठ घरं कोयत्याला जाणारी. केंद्रशाळा चार किलोमीटरवर, मधे ओढा. गाडी लागली तरी ती जून ते सप्टेंबर मुलांना नेईल. ऑक्टोबरात ट्रक आला की तीच मुलं फडात असतील, आणि मार्चात परत आली की तिकडच्या शाळेत त्यांचं नाव कुणाला आठवणार? आमच्या गुरुजींना ठाऊक असायचं की कोण गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर गेलं, आजी मागे आहे की नाही. दोन खोल्यांच्या शाळेत गैरहजर लेकरू लपत नाही. मला तरी ह्या शाळेचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. इंग्रजी, संगणक, रंगवलेल्या भिंती ह्या गोष्टी त्यानंतरच्या.

म्हणून पट टिकवायचा तर आधी दसरा गाठावा लागतो. आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहाची योजना चालत आली आहे. नाव वसतिगृह असलं तरी इमारत बांधावी लागत नाही. आई-बाप कोयत्याला गेले तरी लेकरू गावातच आजी-आजोबांजवळ राहतं, आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. दुपारची खिचडी शाळेची असतेच. ह्या समितीत कायद्यानं ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर त्या असतात, बैठकीला किती येतात ते ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं. कोणती घरं जाणार, कोणतं लेकरू मागे राहू शकतं, कुणाची आजी थकली आहे, ही यादी ट्रक यायच्या आधी तयार पाहिजे. प्रस्ताव उशिरा गेला, किंवा मंजुरी उशिरा आली, तर टोळ्या निघून गेलेल्या असतात आणि मग मंजुरीचा कागद नुसता फायलीत राहतो. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी ह्यात हात घातला तर मुख्याध्यापकाला बळ येतं. एकट्या मास्तरच्या सहीवर ही गोष्ट ढकलू नये. आणि मुकादमाशी उचलीचं बोलणं होतं तेव्हाच लेकराचंही ठरवून टाकावं, पैसे हातात पडल्यावर ते राहून जातं.

शंभर दाणे

आमचं गाव माझ्या सजात येत नाही. पण घरची पेरणी असते, म्हणून जूनमध्ये जातोच. यंदा पाऊस लांबला होता आणि शाळा उघडली होती. शिक्षकांना विचारून मी मुलांकडून घरचं सोयाबीनचं बियाणं मागवलं. पाच घरचं आलं. प्रत्येकाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत ठेवले, गुंडाळी करून पडवीच्या सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडायचं काम चौथीकडे दिलं. सातव्या दिवशी मुलांनी उलगडून मोजलं. ८१, ७६, ७२, ६३ आणि ४८.

शेतकरी बंधूंना हे ठाऊकच आहे, तरी सांगतो. शंभरात सत्तर किंवा जास्त कोंब आले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याखाली आलं तर बियाणं वाढवावं लागतं. ६३ ला किती? तीस गुणिले सत्तर भागिले त्रेसष्ट. चौथीच्या मुलांनी फळ्यावर करून ३३ किलो ३०० ग्रॅम काढलं. मी फक्त खडू दिला होता. साठाच्या खालचं बियाणं पेरूच नये. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये.

ते ४८ आबांच्या घरचं निघालं. तिसरीतल्या त्या एकुलत्या एक विद्यार्थिनीनं दोनदा मोजलं, मग घरी जाऊन सांगितलं. आबा संध्याकाळी शाळेच्या पडवीत आले, गोणपाट स्वतः उलगडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ८१ वाल्याकडून बियाणं बदलून घेतलं. मोडाची बाजू खाली आली की वर, हेही त्यांनी नातीला विचारलं.

हेच आबा ग्रामसभेत मला बोलले. माझी नोकरी तालुक्याला, बायको तिथंच, बावीस किलोमीटरवरून मुलीला रोज गावच्या शाळेत आणता येत नाही, हे माझं उत्तर आहे आणि ते खरं आहे. पण ते पुरं उत्तर नाही, हेही मला कळतं. तालुक्यालाही जिल्हा परिषदेची शाळा आहे. ती आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि मी तिच्या दारात अजून गेलेलो नाही. घरी हा विषय काढला आहे. बायको म्हणाली, आधी जाऊन बघून तरी येऊ.

गावात यादीचं काम सुरू झालं आहे. मुख्याध्यापक, अंगणवाडीताई आणि समितीतल्या दोघी घरोघर फिरतात, मी रविवारी जाऊन बसतो. परवा संध्याकाळपर्यंत सात नावं झाली होती. आठवं माझ्या जुन्या शेजारणीच्या मुलाचं. तिची सासू गुडघ्यानं अधू, दोन वेळचा स्वयंपाक तिच्यानं होणार नाही, म्हणून ती अडून बसली होती. जेवण समितीकडून मिळेल, हे मुख्याध्यापकांनी तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "आन् मंजुरी आली न्हाई तर?" ह्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शेवटी अंगणवाडीताई म्हणाल्या, तोवर मी बघते. तेव्हा तिनं पेन घेतला. अंगठ्याची डबी मुख्याध्यापकांनी पुढे केली होती, ती तिनं बाजूला सारली. सही करायला तिला जरा वेळ लागला. खाली तारीखही तिनंच टाकली.